मूळ संख्यांच्या बेरजा किती प्रकारे? मोजणीची रीत, पहिल्या पायरीपासून

१० ही संख्या फक्त मूळ संख्या वापरून बेरजेच्या रूपात किती प्रकारे लिहिता येते, हा प्रश्न सहावीतल्या मुलालाही समजतो आणि कागद-पेन्सिल घेऊन बसल्यास थोड्या वेळात सुटतोही: ७ + ३, ५ + ५, ५ + ३ + २, ३ + ३ + २ + २ आणि २ + २ + २ + २ + २, असे एकूण पाच प्रकार मिळतात. हाच प्रश्न १०० या संख्येबद्दल विचारला, तर उत्तर ४०,८९९ येते. इतके प्रकार एकेक करून लिहिण्याच्या फंदात कोणी पडू नये. प्रकार न लिहिता केवळ त्यांची संख्या काढण्याची एक रीत आहे आणि तिला साध्या बेरजेपलीकडे काहीही लागत नाही. नाशिकमध्ये हायस्कूल आणि ज्युनिअर कॉलेजच्या मुलांबरोबर मी गणित करतो. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की, ही रीत संगणकावर नेण्याआधी चौकटीच्या वहीत स्वतःच्या हाताने एकदा तरी करावी, कारण तिच्यातले सगळे मर्म कोणता आकडा कोणत्या घरातून येतो यातच आहे.

आधी काय मोजायचे ते ठरवावे

या विषयात बहुतेक चुका आकडेमोडीत होत नाहीत. प्रश्न नीट न ठरवल्यामुळे होतात. म्हणून वहीच्या पहिल्याच ओळीत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. ७ + ३ आणि ३ + ७ हे एकच मानायचे की दोन? एकच मूळ संख्या पुन्हा पुन्हा वापरता येईल का? आणि पदांच्या संख्येवर काही बंधन आहे का? या लेखात, वेगळे सांगितले नसेल तेथे, क्रम महत्त्वाचा नाही, पुनरावृत्तीला मुभा आहे आणि पदे कितीही चालतील. एकच पद असलेली बेरीजसुद्धा आपण धरणार आहोत, म्हणजे ७ चे प्रकार तीन होतात: नुसते ७, ५ + २ आणि ३ + २ + २. अशा मांडणीला गणितात विभाजन म्हणतात.

१ ही मूळ संख्या नाही, हेही पक्के लक्षात ठेवावे. अठराव्या शतकातले काही गणिती १ ला मूळ संख्यांमध्ये धरत असत, त्यामुळे जुन्या लिखाणातील विधाने आजच्या व्याख्येनुसार थोडी बदलून वाचावी लागतात. १ ला प्रवेश दिला, तर येथील बहुतेक उत्तरे बरोबर येणार नाहीत.

मूळ संख्यांची यादी

यादीसाठी एराटोस्थेनिसची चाळणी पुरेशी आहे. २ पासून हव्या त्या संख्येपर्यंत सर्व संख्या लिहाव्यात, २ ठेवून त्याच्या पुढच्या पटी खोडाव्यात, मग ३ च्या, मग ५ च्या, आणि असेच पुढे जावे. १०० पर्यंतची यादी हवी असेल, तर ७ च्या पटी खोडल्यावर काम संपते, कारण १०० चे वर्गमूळ १० आहे आणि १० पर्यंतची शेवटची मूळ संख्या ७ आहे. शेवटी २५ मूळ संख्या उरतात. २४ किंवा २६ उरल्या, तर ५१, ८७ आणि ९१ या संख्या पुन्हा तपासाव्यात. त्या मूळ वाटतात, पण त्या ३ × १७, ३ × २९ आणि ७ × १३ आहेत.

लहान संख्यांचे प्रकार हाताने लिहावेत

तक्त्याकडे जाण्यापूर्वी १२ चे सर्व प्रकार शिस्तीने लिहून पाहावेत. शिस्त अशी की, प्रत्येक बेरजेत पदे मोठ्याकडून लहानाकडे उतरत जावीत आणि बेरजाही मोठ्या पहिल्या पदापासून सुरू कराव्यात. ११ ने सुरुवात केली तर १ उरतो, म्हणून तो मार्ग बंद. ७ ने सुरुवात केली तर ५ उरतात आणि त्यांचे ५ किंवा ३ + २ असे दोन प्रकार होतात. ५ ने सुरुवात केल्यावर ५ + ५ + २ आणि ५ + ३ + २ + २ मिळतात. ३ ने सुरुवात केल्यावर ३ + ३ + ३ + ३ आणि ३ + ३ + २ + २ + २. शेवटी सहा वेळा २. एकूण सात. ५ ने सुरू झालेल्या बेरजेत पुढे ७ आणता येत नाही, या एका बंधनामुळे कोणतीही बेरीज दोनदा लिहिली जात नाही आणि एकही सुटत नाही. ही सात उत्तरे वहीत जपून ठेवावीत, कारण तक्त्याची पहिली परीक्षा त्यांच्यावरच होणार आहे.

तक्ता

आता आडव्या ओळीत ० ते १२ अशी तेरा घरे आखावीत. प्रत्येक घरात त्या संख्येचे प्रकार किती, हे लिहायचे आहे; पण सर्व मूळ संख्या एकदम न घेता एकेक करून घ्यायच्या आहेत. प्रथम फक्त २ वापरण्याची परवानगी आहे असे समजावे. सम संख्येचा प्रत्येकी एक प्रकार होतो आणि विषम संख्येचा एकही होत नाही:

१ ० १ ० १ ० १ ० १ ० १ ० १

सुरुवातीच्या घरात, म्हणजे ० च्या घरात, १ का लिहिला, असा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. एकही पद न घेणे हा शून्य मिळवण्याचा एक आणि एकच प्रकार आहे. हा १ केवळ सोयीसाठी ठेवलेला नाही. तो नसेल, तर पुढचा एकही आकडा उभा राहत नाही.

आता ३ ला प्रवेश द्यावा. नवी ओळ डावीकडून उजवीकडे भरत जावी आणि प्रत्येक घरात दोन आकड्यांची बेरीज लिहावी: वरच्या ओळीतील त्याच घराचा आकडा, आणि नव्याच ओळीत तीन घरे डावीकडे असलेला आकडा. तीन घरे मागे जागाच नसेल, तर वरचा आकडा जसाच्या तसा उतरवावा. ओळ अशी येते:

१ ० १ १ १ १ २ १ २ २ २ २ ३

यातले ६ चे घर जवळून पाहावे. वरच्या ओळीत तेथे १ आहे, म्हणजे २ + २ + २. तीन घरे मागे, ३ च्या घरात, नव्या ओळीत १ आहे, म्हणजे नुसता ३. त्याला आणखी एक ३ जोडला की ३ + ३ मिळतो. १ आणि १ मिळून २.

हा नियम का चालतो, हे सुट्या पैशांवरून स्पष्ट होते. रविवार कारंजावरच्या एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यात २, ३, ५ आणि ७ रुपयांची भरपूर नाणी आहेत अशी कल्पना करावी आणि त्याला १२ रुपये सुटे द्यायचे आहेत असे समजावे. त्याने दिलेल्या नाण्यांत ७ चे नाणे एक तर नसेल किंवा निदान एक तरी असेल. तिसरी शक्यता नाही. नसेल, तर ते प्रकार ७ येण्यापूर्वीच्या ओळीत मोजून झालेले आहेत. असेल, तर ७ चे एक नाणे बाजूला काढल्यावर उरलेले ५ रुपये त्याच सर्व नाण्यांतून द्यायचे राहतात, आणि त्यांचे प्रकार नव्या ओळीतल्या ५ च्या घरात तयार आहेत. तेथे वरच्या ओळीचा आकडा न घेता नव्या ओळीचा घ्यायचा, कारण बाजूला काढलेल्या नाण्यानंतरही त्याच किमतीचे दुसरे नाणे वापरण्याची मुभा कायम आहे.

५, ७ आणि ११ यांना त्याच क्रमाने प्रवेश दिल्यावर पुढील तीन ओळी मिळतात:

१ ० १ १ १ २ २ २ ३ ३ ४ ४ ५
१ ० १ १ १ २ २ ३ ३ ४ ५ ५ ७
१ ० १ १ १ २ २ ३ ३ ४ ५ ६ ७

शेवटच्या ओळीत १० च्या घरात ५ आणि १२ च्या घरात ७ आहेत, म्हणजे हाताने काढलेली दोन्ही उत्तरे जुळतात. ११ आल्यामुळे फक्त ११ च्या घरात बदल झाला आणि १२ चे घर तसेच राहिले, हेही पाहण्यासारखे आहे: १२ च्या घरातून अकरा घरे मागे गेले की १ चे घर येते आणि तेथे ० आहे. आपण मघाशी ११ ने सुरू होणारा मार्ग बंद आहे असे म्हटले, तेच तक्ता आपल्या पद्धतीने सांगतो.

ओळींचा क्रम उलटला तर काय होते

नववीतल्या एका मुलीने मला विचारले, “सर, ७ + ३ आणि ३ + ७ वेगळे धरले तर तक्ता चुकेल का?” तक्ता चुकत नाही, फक्त प्रश्न बदलतो, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या तक्त्यातून येते. क्रम महत्त्वाचा धरला, तर मूळ संख्यांच्या वेगवेगळ्या ओळी करू नयेत. एकच ओळ घ्यावी आणि प्रत्येक घरात २, ३, ५, ७ अशी जितकी घरे मागे जाता येईल, त्या सर्व घरांतील आकड्यांची बेरीज लिहावी, कारण येथे आपण शेवटचे पद कोणते, एवढेच विचारत असतो. १० च्या घरासाठी ८, ७, ५ आणि ३ या घरांतले ६, ६, ३ आणि १ मिळवावे लागतात आणि उत्तर १६ येते. ते पडताळताही येते: ७ + ३ च्या दोन मांडण्या, ५ + ५ ची एक, ५ + ३ + २ च्या सहा, ३ + ३ + २ + २ च्या सहा आणि पाच वेळा २ ची एक, मिळून १६.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. दोन लूपपैकी बाहेरचे लूप मूळ संख्यांचे असेल, तर १० साठी ५ येतात. बाहेरचे लूप घरांचे असेल, तर १६ येतात. ओळी त्याच, बेरजाही त्याच, फक्त लूपची अदलाबदल, आणि प्रोग्रॅम कुठलीही तक्रार न करता वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. म्हणून कोणताही प्रोग्रॅम चालवल्यावर प्रथम १० चे उत्तर पाहण्याची सवय लावून घ्यावी.

पुनरावृत्ती नको असेल तर

प्रत्येक मूळ संख्या जास्तीत जास्त एकदाच वापरायची असेल, तर नियमात एकच बदल होतो: मागच्या घरातला आकडा नव्या ओळीतून न घेता वरच्या, म्हणजे जुन्या ओळीतून घ्यावा. एकाच ओळीवर काम करत असाल, तर ती उजवीकडून डावीकडे भरावी, म्हणजे मागचे घर अजून बदललेले नसते. या नियमाने १० चे दोन प्रकार उरतात, ७ + ३ आणि ५ + ३ + २. १२ चेही दोनच, ७ + ५ आणि ७ + ३ + २. ४ आणि ६ यांच्या घरात शून्य येते. मात्र ६ च्या पुढची प्रत्येक संख्या वेगवेगळ्या मूळ संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते, हे रिखर्ट या गणितज्ञाने १९४९ मध्ये सिद्ध केले आहे. त्यामुळे आपल्या तक्त्यात ६ नंतर कोठेही शून्य दिसले, तर चूक आपली आहे हे निश्चित समजावे.

उत्तर तपासण्याची एक सुंदर युक्ती

मला स्वतःला या विषयात सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट आता सांगतो. १० चे पाच प्रकार आहेत आणि प्रत्येकाची बेरीज १०, म्हणजे पाचही बेरजांमधील सर्व पदे एकत्र मिळवली तर ५० झाले पाहिजेत. तीच एकूण बेरीज दुसऱ्या वाटेनेही काढता येते. निदान एक २ असलेले १० चे प्रकार किती? एक २ बाजूला काढला की ८ उरतात, म्हणून ८ च्या घरात असतील तितके, म्हणजे ३. निदान दोन वेळा २ असलेले? ६ च्या घरातले २. पुढे ४, २ आणि ० या घरांतून प्रत्येकी १. यांची बेरीज ८ होते आणि पाचही प्रकारांत मिळून २ नेमका आठ वेळा आलेला आहे. तसेच ३ साठी ७, ४ आणि १ या घरांतून ३ + १ + ० = ४; ५ साठी ५ आणि ० या घरांतून २ + १ = ३; ७ साठी ३ च्या घरातून १. आता ८ × २ + ४ × ३ + ३ × ५ + १ × ७ = १६ + १२ + १५ + ७ = ५०. जुळले.

ही पडताळणी कोणत्याही घराला लावता येते आणि तिच्यासाठी फक्त शेवटची ओळ पुरते. ओळीतला एखादा आकडा चुकला असेल, तर त्या घराची बेरीज जुळणार नाही. म्हणून सर्वांत डावीकडे जेथे प्रथम न जुळणारे घर सापडेल, तेथेच चूक आहे असे समजून दुरुस्ती सुरू करावी. त्याच्या उजवीकडच्या घरांचा विचार तोपर्यंत करू नये.

मोठ्या संख्या आणि संगणक

१००० पर्यंत १६८ मूळ संख्या आहेत, त्यामुळे १००० पर्यंतच्या तक्त्याला फार तर १६८ × १००० म्हणजे १,६८,००० बेरजा लागतात. साध्या लॅपटॉपला हे काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करता येते. प्रत्येक मूळ संख्येसाठी वेगळी ओळ साठवण्याची गरज नाही. एकच ओळ डावीकडून उजवीकडे भरत गेले की पुरते. उत्तरे मात्र वेगाने फुगतात, म्हणून ज्या भाषेत पूर्णांकांना आकाराची मर्यादा असते, तेथे ती आधी पाहून घ्यावी. पायथॉनमध्ये ही अडचण येत नाही. एक्सेलवरही हे काम होते, पण नव्या शिकणाऱ्याने शंभरपर्यंतच तेथे थांबावे असे मी सुचवीन.

वाढीचा अंदाज येण्यासाठी एक तुलना करावी. कोणत्याही धन पूर्णांकांची मुभा असेल, तर १०० ची विभाजने १९,०५,६९,२९२ होतात. हाच आकडा मॅकमोहन या गणितज्ञाने हाताने तयार केलेल्या २०० पर्यंतच्या तक्त्यात होता, आणि हार्डी व रामानुजन यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेले विभाजनांच्या संख्येचे आपले सूत्र त्या तक्त्याशी ताडून पाहिले होते. फक्त मूळ संख्या घेतल्यावर तोच आकडा ४०,८९९ वर येतो.

फक्त दोन पदे

पदे दोनच हवीत असे बंधन घातले की आपण एका जगप्रसिद्ध प्रश्नाच्या दारात येतो. गोल्डबाख यांनी ७ जून १७४२ रोजी ऑयलरना लिहिलेल्या पत्रातून पुढे आलेला तर्क असा आहे: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. ४ × १०^१८ पर्यंतच्या सर्व सम संख्यांसाठी तो संगणकाने तपासलेला आहे, पण सिद्धता अजून कोणाजवळ नाही. ५ पेक्षा मोठी प्रत्येक विषम संख्या तीन मूळ संख्यांची बेरीज असते, हा त्याचा सौम्य भाऊबंद मात्र सुटला: पुरेशा मोठ्या विषम संख्यांसाठी विनोग्रादोव्ह यांनी १९३७ मध्ये, आणि सर्वांसाठी हेल्फगॉट यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या सिद्धतेने.

येथे मोजणीला तक्ता लागत नाही. मूळ संख्यांच्या यादीत दिलेल्या संख्येच्या निम्म्यापर्यंत जावे आणि प्रत्येक वेळी वजाबाकी करून उरलेली संख्या यादीत आहे का, ते पाहावे. निम्म्यापुढे जाऊ नये, नाहीतर प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते. १०० साठी ३ + ९७, ११ + ८९, १७ + ८३, २९ + ७१, ४१ + ५९ आणि ४७ + ५३ असे सहा प्रकार मिळतात.

नाशिककरांनी यासाठी ६१७४ ही संख्या घ्यावी. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये तिचा गुणधर्म जगापुढे मांडला: सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. आपल्या कामासाठी तिचे अवयव पाहावेत: ६१७४ = २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. आता पहिली जोडी शोधू. ३ वजा केल्यास ६१७१ उरतात. ६१७४ आणि ३ या दोन्हींना ३ ने भाग जातो, म्हणून ६१७१ लाही जाणारच. ५ वजा केल्यास ६१६९ उरतात आणि ते ३१ × १९९ आहेत. ७ चे पुन्हा ३ सारखेच झाले: ६१६७ = ७ × ८८१. ११ वजा केल्यावर मात्र ६१६३ मिळतात, आणि ७८ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने त्यांना भाग जात नाही. म्हणून ६१७४ = ११ + ६१६३ ही लहानात लहान मूळ संख्येने सुरू होणारी जोडी.

३ आणि ७ वाया गेले, म्हणून ६१७४ चे प्रकार कमी असतील असे वाटेल, पण घडते उलटेच. ३ ने भाग जाणाऱ्या सम संख्येतून ३ सोडून कोणतीही मूळ संख्या वजा केली, तर बाकीला ३ ने भाग जातच नाही. ३ ने भाग न जाणाऱ्या सम संख्येत मात्र पुष्कळ वजाबाक्या या एका कारणानेच फुकट जातात. म्हणून ३ च्या पटींना साधारण दुप्पट प्रकार लाभतात. ९० चे नऊ प्रकार आहेत, ९६ चे सात, आणि त्यांच्याच शेजारच्या ९८ चे फक्त तीन: १९ + ७९, ३१ + ६७ आणि ३७ + ६१.

तीन पदांचा प्रश्न सम संख्येसाठी आयता सुटतो. तीन विषम संख्यांची बेरीज विषम असते, म्हणून सम बेरजेत निदान एक पद २ असलेच पाहिजे. तो काढून टाकावा आणि २ ने लहान असलेल्या संख्येच्या जोड्या मोजाव्यात: १२ चे तीन पदांचे प्रकार १० च्या जोड्यांइतके, म्हणजे ७ + ३ + २ आणि ५ + ५ + २ असे दोन.

सरावासाठी मूळ तक्ता २० पर्यंत वाढवावा. त्यासाठी १३, १७ आणि १९ यांच्या तीन ओळी आणखी लागतील. १३ ते २० या घरांत अनुक्रमे ९, १०, १२, १४, १७, १९, २३ आणि २६ यायला हवेत. त्यापुढे जाणाऱ्यांना ३० च्या घरात ९८ आणि ५० च्या घरात ८१९ मिळतील.